खासगी आयपी पत्ता आणि नेटवर्कचे क्लास: नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये दुकानं, दवाखाने, लहान कारखाने आणि लॉज यांची नेटवर्कं बसवते. काम संपवून शिडी आवरत असताना लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. पत्ते मराठी अंकांत लिहिलेत, पण राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा ब्राउझरमध्ये टाकताना इंग्रजी अंकच टाका.

ताई, माझ्या लॅपटॉपवर १९२.१६८.१.५ दिसतंय आणि शेजारच्या मेडिकलमध्येही अगदी तेच. कोणाचं चुकलंय?

कोणाचंच नाही. गावात कोणी विचारलं, "देशमुखांचं घर कुठे?" तर उत्तर येतं, "मारुतीच्या देवळामागे." गावातलं शेंबडं पोरही तिथपर्यंत आणून सोडतं. हाच पत्ता पाकिटावर लिहून नाशिकच्या पोस्टात टाकला तर पोस्टमन काय करणार? निफाडपासून इगतपुरीपर्यंत गावोगाव मारुती आहे आणि प्रत्येक देवळामागे घर आहे.

१९२.१६८.१.५ हा तसाच पत्ता. तुमच्या राउटरच्या आत तो एकाच यंत्राचा असतो, आणि तेवढं पुरे. शेजारच्या राउटरच्या आत तोच आकडा दुसऱ्या यंत्राचा असतो. मध्ये दोन राउटर असल्यामुळे त्यांची गाठ पडत नाही. खासगी पत्ता म्हणजे आतला पत्ता. या पानावरच्या निम्म्याहून जास्त अडचणी "आत म्हणजे कुठवर?" हे न ठरवल्यामुळे आलेल्या आहेत.

मग बाहेरच्या जगाला माझा लॅपटॉप कोणत्या पत्त्यावर सापडतो?

बाहेर फक्त राउटरचा पत्ता दिसतो. त्याला पब्लिक आयपी म्हणतात आणि तो नेट देणारी कंपनी देते. आतल्या वीस यंत्रांचं काम त्या एका पत्त्यावर कसं भागतं, हे समजायला सरकारी कचेरीतली आवक-जावक नोंदवही आठवा. आतल्या टेबलावरून पत्र निघालं की जावक कारकून त्याला क्रमांक देतो, वहीत टेबलाचं नाव लिहितो आणि पाकिटावर कचेरीचाच पत्ता घालतो. उत्तर येतं तेव्हा त्यावर "आपल्या जावक क्रमांकास अनुसरून" असं लिहिलेलं असतं. कारकून वही उघडतो आणि कागद बरोबर त्या टेबलावर पोहोचवतो.

राउटर हेच करतो, सेकंदाला शेकडो वेळा. जावक क्रमांकाच्या जागी पोर्ट क्रमांक असतो आणि या कामाला नॅट म्हणतात. त्याची कल्पना १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही पत्ते पुरवून वापरण्याचा तात्पुरता तोडगा म्हणून. आज जवळजवळ प्रत्येक घरातलं इंटरनेट त्याच तोडग्यावर उभं आहे.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या, पुढे कॅमेऱ्याच्या प्रश्नात ती लागेल. जावक नोंदच नाही असं पत्र बाहेरून अचानक आलं, तर ते कोणत्या टेबलाचं हे कारकुनाला कळत नाही. राउटरही असं पत्र टाकून देतो.

खासगी पत्ते नेमके कोणते?

तीनच पट्टे आहेत.

१०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते.
१७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५, म्हणजे १०,४८,५७६ पत्ते.
१९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५, म्हणजे ६५,५३६ पत्ते.

पहिला आणि तिसरा लोकांच्या लक्षात राहतो. घोळ मधल्यात होतो. १७२ ने सुरू होणारं सगळं खासगी नाही. दुसरा आकडा १६ ते ३१ च्या दरम्यान हवा. एका शाळेच्या संगणक कक्षात मला १७२.४० ने सुरू होणारे पत्ते दिलेले आढळले. वरवर सगळं नीट चालत होतं, म्हणून कोणाला कधी शंका आली नाही. पण १७२.४० चे पत्ते बाहेरच्या जगात खरोखर कोणाला तरी दिलेले आहेत. त्यांच्यापर्यंत जायचं झालं की यंत्राला ते आपल्याच खोलीत आहेत असं वाटायचं, आणि शोध तिथेच संपायचा. अशी चूक वर्षानुवर्षं लपून राहते. १९२ चंही तेच आहे, १९२.१६८ तेवढा खासगी, बाकीचा १९२ नाही.

हे तीन पट्टे खासगी आहेत असं कोणी ठरवलं?

इंटरनेटचे नियम आरएफसी नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहिले जातात. हे पट्टे आधी मार्च १९९४ च्या आरएफसी १५९७ मध्ये आले, आणि फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये आज चालतो तो नियम पक्का झाला. पत्त्यांचं वाटप आयाना ही यंत्रणा पाहते. तिचं काम त्या काळी जॉन पोस्टेल यांच्या हाती होतं, आणि १९८१ मध्ये आयपीचा मूळ नियम ज्या आरएफसी ७९१ मध्ये आला त्याचे संपादकही तेच. १० चा पट्टा मोकळा का होता, याचंही कारण आहे. इंटरनेटच्या आधीचं आर्पानेट हे जाळं १० क्रमांकावर होतं. १९९० मध्ये ते बंद झालं आणि एवढी मोठी जागा रिकामी झाली.

गरज का पडली? आपण वर पाहिले तसे चार आकड्यांचे पत्ते म्हणजे आयपीव्ही४. त्याचा पत्ता ३२ बिटांचा असतो (बिट म्हणजे ० किंवा १ मावेल एवढी एक जागा), त्यातून एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. ४२९ कोटी हा आकडा १९८१ मध्ये अफाट होता. आज माणसंच त्याहून जास्त आहेत, आणि एकेका घरात दहा-दहा यंत्रं. आयानाकडचा मोकळा साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची कोठी त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव वाट्यावर आली. आतल्या पत्त्यांची सोय नसती, तर ही वेळ फार आधी आली असती.

पत्त्यात २५५ च्या वर आकडा का जात नाही?

चार आकड्यांपैकी प्रत्येक ८ बिटांचा असतो. ८ बिटांत ० ते २५५ एवढंच मावतं. कोणी १९२.१६८.१.३०० सांगितलं, तर ते चुकीचं लिहून घेतलंय.

क्लास ए, क्लास बी, क्लास सी म्हणजे काय? डिप्लोमाला पाठ केलं होतं, समजलं कधीच नाही.

समजलं नाही कारण पुस्तकात थेट तक्ता देतात आणि कारण सांगत नाहीत. लँडलाइनचे एसटीडी कोड आठवा, तिथे कारण दिसतं.

मुंबईचा कोड ०२२, नाशिकचा ०२५३, सिन्नरचा ०२५५१. पुढचं शून्य सोडलं तर मुंबईचा कोड दोन आकडी आणि फोन नंबर आठ आकडी. नाशिकचा कोड तीन आकडी, नंबर सात आकडी. सिन्नरचा कोड चार आकडी, नंबर सहा आकडी. बेरीज सगळीकडे दहाच. गाव मोठं, तर कोड आखूड आणि नंबरांना जागा जास्त. गाव लहान, तर कोड लांब आणि नंबर थोडे. आखूड कोड मोजक्याच शहरांना देता येतो, लांब कोड पुष्कळ गावांना पुरतात.

आयपी पत्त्यातही कोड आणि नंबर असे दोन भाग असतात. पुढचा भाग नेटवर्कचा, मागचा त्या नेटवर्कमधल्या यंत्राचा. १९८१ च्या नियमाने तीन मापं ठरवली. क्लास ए मध्ये पहिला एकच आकडा नेटवर्कचा आणि बाकी तीन यंत्रांचे. हे म्हणजे मुंबई. वापरता येतील अशी नेटवर्कं १२६, पण प्रत्येकात १,६७,७७,२१४ यंत्रं. क्लास बी मध्ये दोन-दोन. नेटवर्कं १६,३८४ आणि प्रत्येकात ६५,५३४ यंत्रं. क्लास सी मध्ये तीन आकडे नेटवर्कचे आणि एकच यंत्राचा; नेटवर्कं २०,९७,१५२, पण प्रत्येकात यंत्रं फक्त २५४.

क्लास ओळखायचा तो पहिल्या आकड्यावरून. १ ते १२६ असेल तर ए, १२८ ते १९१ बी, १९२ ते २२३ सी. १२७ चा पट्टा यंत्राने स्वतःशीच बोलण्यासाठी राखून ठेवला आहे. २२४ ते २३९ हा क्लास डी, एकच माहिती एकाच वेळी अनेकांना पाठवण्यासाठी. त्यापुढचा क्लास ई भविष्यासाठी राखीव ठेवला, तो तसाच राहिला.

हे आकडे लहरीने निवडलेले नाहीत. पत्ता बिटांत लिहिला तर ए ची सुरुवात ० ने होते, बी ची १० ने, सी ची ११० ने. पहिले एक-दोन-तीन बिट पाहूनच राउटरला कळायचं की कोड कुठे संपतो.

आता खासगी पट्टे पुन्हा बघा. १० म्हणजे क्लास ए चं एक अख्खं नेटवर्क. १७२.१६ ते १७२.३१ म्हणजे क्लास बी ची सलग १६. १९२.१६८ म्हणजे क्लास सी ची सलग २५६. तिन्ही क्लासांतून एकेक वाटा बाजूला काढला. म्हणून ते १६ आणि ३१ असे विचित्र वाटणारे आकडे आले.

मग माझं १९२.१६८ चं नेटवर्क क्लास सी चं आहे, असं म्हणू का?

परीक्षेत म्हणा, गुण मिळतील. काम करताना म्हणू नका. क्लासांची पद्धत १९९३ मध्ये मोडीत निघाली, आणि आजही वर्गात पहिला धडा तोच असतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलं कामावर येतात ती १० ने सुरू होणारा पत्ता दिसला की २५५.०.०.० मास्क (म्हणजे काय ते पुढे येतंच) टाकतात, कारण "१० म्हणजे क्लास ए". समोर खरं नेटवर्क २५४ यंत्रांचं असतं.

पद्धत का मोडली, ते एका उदाहरणात दिसतं. एखाद्या संस्थेकडे २,००० संगणक आहेत. क्लास सी घेतला तर २५४ च बसतात. क्लास बी घेतला तर ६५,५३४ जागा मिळतात आणि ६३,५३४ वाया जातात. आठ क्लास सी घ्यावेत, तर जगभरच्या मोठ्या राउटरना एका संस्थेसाठी आठ नोंदी ठेवाव्या लागतात, आणि अशा नोंदी आधीच आवाक्याबाहेर वाढत होत्या. म्हणून १९९३ मध्ये सायडर नावाची पद्धत आली: कोड कुठे संपतो हे पहिल्या आकड्यावरून ठरवायचं नाही, पत्त्याबरोबर वेगळं लिहून द्यायचं. २,००० संगणकांना /२१, म्हणजे पहिले २१ बिट नेटवर्कचे, असं दिलं की २,०४६ जागा मिळतात आणि नोंद एकच लागते.

हे "वेगळं लिहून देणं" म्हणजेच सबनेट मास्क. म्हणून नुसता आयपी पत्ता हा अर्धा पत्ता आहे. कोणी फोनवर पत्ता सांगितला की मी मास्क विचारते, नाही सांगितला तर काम थांबवते.

सबनेट मास्क वाचायचा कसा?

२५५ जिथे आहे तो भाग नेटवर्कचा, ० जिथे आहे तो यंत्राचा. २५५.२५५.२५५.० म्हणजे पहिले २४ बिट नेटवर्कचे. तेच /२४ असं लिहितात आणि "स्लॅश चोवीस" म्हणतात. उरलेल्या ८ बिटांत २५६ पत्ते. पहिला नेटवर्कच्या नावाला आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला जातो, हाती २५४ राहतात. स्लॅशनंतरचा आकडा एकाने कमी झाला की जागा दुप्पट होते: /२३ ला ५१०, /२२ ला १,०२२. एकाने वाढला की निम्मी.

पंचवटीतल्या एका लॉजमध्ये याचा धडा मिळाला. पर्वणीच्या दिवशी संध्याकाळनंतर नव्या यात्रेकरूंचे फोन वायफायला जोडले जायचे, पण नेट मिळत नव्हतं. मालकांना वाटलं लाइन कमी पडते, त्यांनी प्लॅन दुप्पट केला. फरक शून्य. लाइन मोकळीच होती, संपले होते पत्ते. राउटर प्रत्येक फोनला पत्ता उसना देतो, त्या मुदतीला लीज म्हणतात, आणि ती २४ तासांची होती. सकाळी रामकुंडावर स्नान करून परतीच्या गाडीत बसलेल्या माणसाच्या फोनसाठी पत्ता दुसऱ्या सकाळपर्यंत अडकून राहायचा. लीज २ तासांची केली आणि पाहुण्यांचं नेटवर्क १९२.१६८.४.०/२२ केलं. म्हणजे पत्ते १९२.१६८.४.१ पासून १९२.१६८.७.२५४ पर्यंत. क्लास सी च्या हिशेबात हे बसत नाही, मास्कच्या हिशेबात सहज बसतं. २०२७ च्या सिंहस्थासाठी खोल्या वाढवणाऱ्या लॉजवाल्यांनी नेटचा प्लॅन वाढवण्याआधी लीज आणि मास्क तपासून घ्यावेत.

"आयपी कॉन्फ्लिक्ट" असा संदेश सारखा येतो. उपाय काय?

एकाच नेटवर्कमध्ये दोन यंत्रांना एकच पत्ता मिळाला की हे होतं. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये हजेरीचं मशीन रोज सकाळीच रुसायचं. कामगार रांगेत उभे, अंगठा लागतो, पण नोंद संगणकावर जात नाही. दोन आठवडे मशीनलाच दोष दिला गेला. मशीनला हाताने १९२.१६८.१.५० हा पत्ता दिलेला होता, पण राउटरला ते कोणी सांगितलं नव्हतं. रात्री मेन स्विच बंद, मशीन बंद. राउटर मात्र इन्व्हर्टरवर चालू. ५० क्रमांक मोकळा दिसला की राउटर तो रखवालदाराच्या फोनला देऊन टाकायचा. सकाळी मशीन सुरू झालं की दोघांची ओढाताण.

उपाय पाच मिनिटांचा. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये आपोआप वाटायचे पत्ते १०० ते २०० एवढेच ठेवले. प्रिंटर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, हजेरी मशीन या जागेवरून न हलणाऱ्या वस्तूंना १० ते ६० मधले पत्ते हाताने दिले. तुमच्या नेटवर्कमध्ये हीच वाटणी आजच करून घ्या.

मागच्या गोदामात वायफाय पोहोचत नाही म्हणून दुसरा राउटर लावला, तेव्हापासून पुढचंही बिघडलं.

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो. नवीन राउटरही बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ याच पत्त्यावर बसलेला येतो, आणि त्याचं डीएचसीपी चालू असतं. त्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे आतल्या यंत्रांसाठीच्या खाचेत, जुन्याची वायर टाकली की एकाच घरात दोन कारभारी होतात. दोघंही पत्ते वाटतात आणि दोघंही "मीच १९२.१६८.१.१" म्हणतात. कोणतं यंत्र कोणाचं ऐकेल याचा नेम नाही. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये ऐन हंगामात हे झालं. पेट्यांची लेबलं छापणारा प्रिंटर अर्ध्या संगणकांना दिसेना, बाहेर कंटेनर उभा. तिथल्या सुपरवायझर ताईंचा रडवेला आवाज मला अजून आठवतो.

गोदामातही तेच नेटवर्क हवं असेल, तर दुसऱ्या राउटरचा पत्ता आधी १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि मग वायर लॅन पोर्टातून लॅन पोर्टात जोडा. आता तो नुसता वायफाय पसरवणारा डबा झाला, कारभारी एकच राहिला. गोदाम वेगळंच ठेवायचं असेल, तर वायर दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइनच्या खाचेत, टाका आणि त्याचं आतलं नेटवर्क १९२.१६८.२.० असं वेगळं करा. मग गोदामातून पुढचा प्रिंटर वापरता येईल, पण पुढून गोदामातला नाही. वॅनच्या बाजूला आणि लॅनच्या बाजूला एकच नेटवर्क कधीही ठेवू नका. तसं केलं तर राउटरला आत आणि बाहेर यांतला फरकच कळत नाही.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय.

यंत्राने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक उचलला. वायर, स्विच आणि राउटरचं डीएचसीपी बघा. या पत्त्यावर इंटरनेट मिळणार नाही.

दुकानातले कॅमेरे दुकानात दिसतात, घरून दिसत नाहीत. पोर्ट फॉरवर्ड केलं, तरीही नाही.

घरून १९२.१६८.१.१० उघडत असाल तर ते दिसणारच नाही, तो दुकानाच्या आतला पत्ता आहे. पोर्ट फॉरवर्ड म्हणजे जावक नोंद नसलेलं पत्रही अमुक टेबलावर द्यायचं, अशी कारकुनाला कायमची चिठ्ठी. तीही दिली असेल आणि तरी जमत नसेल, तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी काय दिसतो ते पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल, किंवा १० ने, तर तुमच्या कचेरीच्या बाहेर आणखी एक मोठी कचेरी आहे. पत्ते पुरेनात म्हणून नेट कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पब्लिक पत्त्यामागे बसवतात. त्याला सीजीनॅट म्हणतात, आणि १००.६४.०.०/१० हा पट्टा त्यासाठी २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. तुमच्या राउटरला कितीही चिठ्ठ्या द्या, मोठ्या कचेरीच्या कारकुनाला त्या माहीतच नाहीत.

एका ग्राहकासाठी मी तीन दिवस फोनवर होते. नेट देणारी मंडळी "आमच्याकडून सगळं ओपन आहे" एवढंच सांगत राहिली, आणि वॅन आयपी १००.७२ ने सुरू होत होता. म्हणून फोन लावण्याआधी हा आकडा स्वतः पाहून ठेवा आणि थेट विचारा: "मी सीजीनॅटमागे आहे का? स्टॅटिक पब्लिक आयपीचे महिन्याला किती?" पैसे भरायचे नसतील, तर कॅमेरा कंपनीचं क्यूआर कोडवालं ॲप वापरा. त्यात डीव्हीआर स्वतः बाहेर फोन लावतो, म्हणून जावक नोंद होते आणि उत्तराला वाट मिळते.

पत्ता खासगी आहे म्हणजे कोणी आत घुसू शकत नाही ना?

"खासगी" या शब्दाने फार नुकसान केलंय. पत्ता खासगी म्हणजे कुलूप नव्हे, तो फक्त बाहेरून थेट हाक मारता न येणारा पत्ता. दार आतून उघडलं तर तो काहीच अडवत नाही. कर्मचाऱ्याने मेलमधली खोटी पावती उघडली की जावक नोंद आतूनच होते. मग बिघडलेल्या त्या एका संगणकावरून बाकीचे सगळे १९२.१६८ चे पत्ते हाताच्या अंतरावर असतात. दवाखान्यात पेशंटची माहिती, दुकानात हिशेबाचं सॉफ्टवेअर, सगळं एकाच अंगणात.

म्हणून पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय असते. कॅमेरे शक्य असेल तर तिसऱ्या नेटवर्कवर. डीव्हीआर आणि राउटर यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड पहिल्या दिवशीच बदला. यूपीएनपी नावाची सोय बंद करा, कारण तिच्यामुळे आतलं कोणतंही यंत्र तुम्हाला न विचारता कारकुनाला चिठ्ठी देऊ शकतं. आणि केलेल्या पोर्ट फॉरवर्डची गरज संपली की ते काढून टाका. मी तपासायला जाते तिथे तीन-तीन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठ्या अजून चालू सापडतात.

घरून व्हीपीएन लावते, जोडलं गेलं असं दिसतं, पण ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही.

व्हीपीएन म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जाण्याची बंदिस्त वाट. घरी १९२.१६८.१ आणि ऑफिसातही १९२.१६८.१ असेल तर हे होणारच. तुम्ही १९२.१६८.१.२० मागता, लॅपटॉपला वाटतं तो घरातच आहे, आणि तो व्हीपीएनच्या वाटेला जातच नाही. शरणपूर रोडवरच्या एका सीए ऑफिसमध्ये इंदिरानगरहून काम करणाऱ्या ताईंना ही अडचण होती, गंगापूर रोडवरच्यांना नव्हती. फरक फक्त घरच्या राउटरच्या आकड्याचा.

बदलायचं ते ऑफिसचं नेटवर्क, प्रत्येकाच्या घरचं नाही. मी नाशिकमधल्या कामांना १०.२५३ ने सुरुवात करते, आपल्या एसटीडी कोडवरून. तिसरा आकडा प्रत्येक जागेला वेगळा देते आणि मास्क /२४ ठेवते. घरच्या राउटरवर हा पट्टा सहसा नसतो, आणि शाखा वाढल्या तरी एकमेकींवर चढत नाहीत.

फोन आला की "तुमच्या १९२.१६८.१.१ या आयपीवरून गुन्हा झाला आहे".

फोन ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. हा आकडा लाखो घरांत आहे, बाहेरच्या कोणालाही त्यावरून तुमचं घर ओळखता येत नाही. खरा तपास पब्लिक आयपी, वेळ आणि नेट कंपनीच्या नोंदींवरून होतो.

आयपीव्ही६ आलं की हे सगळं संपणार का?

पत्ता १२८ बिटांचा असल्यामुळे टंचाई संपते, आणि पत्ते वाचवण्यासाठी नॅटची गरजही. आपल्याकडे मोबाइल डेटावर आयपीव्ही६ आता सर्रास चालतं; फोनच्या माहितीत कोलन टाकलेला लांबलचक पत्ता दिसतो तो तोच. त्यातही आतले पत्ते असतात. एफई८० ने सुरू होणारा त्याच दुव्यापुरता, एफडी ने सुरू होणारा संस्थेच्या आत वापरायचा. पण बाकी यंत्रांना बाहेरून थेट हाक मारता येईल असा पत्ता मिळतो, म्हणून राउटरचं फायरवॉल, म्हणजे नको ती बाहेरची हाक अडवणारा पहारा, चालू आहे ना हे आधी बघा. हजेरी मशीन आणि जुने डीव्हीआर आयपीव्ही४ वरच आहेत, तोवर दोन्ही शेजारी शेजारी चालणार.

तुम्ही काम करून गेल्यावर आम्ही काय जपून ठेवायचं?

एक कागद. त्यावर राउटरचा आतला पत्ता आणि मास्क, डीएचसीपी कुठून कुठवर वाटतं, हाताने दिलेले पत्ते कोणत्या यंत्राला दिलेत, वॅन आयपी खासगी की पब्लिक, आणि चालू असलेली पोर्ट फॉरवर्ड. पासवर्ड त्यावर लिहू नका. मी हा कागद लॅमिनेट करून राउटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवते. नवा प्रिंटर आला की त्यावर मार्करने एक ओळ वाढवा.